मेकॅनिकल कीबोर्डच्या स्विचसाठी योग्य वंगण कोणते?

प्रश्न

माझा मेकॅनिकल कीबोर्ड हॉट-स्वॅप प्रकारचा आहे, म्हणजे सोल्डर न उकलता त्यातील प्रत्येक कळेखालचे स्विच उपसून काढता येतात. सध्या त्यात लिनिअर, म्हणजे मध्ये न अडखळता सरळ खाली जाणारे, स्विच बसवलेले आहेत आणि टॅक्टाइल, म्हणजे दाबताना मध्ये उंचवटा जाणवणाऱ्या, स्विचचा एक संच बदलीसाठी घेऊन ठेवला आहे. लिनिअर स्विच सावकाश दाबले की प्लास्टिक प्लास्टिकवर घासल्याची खरखर बोटाला स्पष्ट जाणवते. वेगाने टंकताना स्प्रिंगचा किणकिणाट कळ सुटल्यानंतरही क्षणभर रेंगाळतो आणि स्पेसबार तर दर वेळी खडखडतो. या तिन्ही तक्रारींवर वंगण हाच उपाय असल्याचे वाचले, पण त्यासाठी एकच वंगण पुरते की प्रत्येक जागेसाठी वेगळे घ्यावे लागते, हे नीट उमगले नाही. घरात शिलाई यंत्राचे तेल आणि सिलिकॉन ग्रीस आहे. त्यांपैकी काही चालेल का? टॅक्टाइल स्विचलाही लिनिअरचेच वंगण लावावे का?

प्रतिसाद १

शिलाई यंत्राचे तेल कृपया स्विचमध्ये घालू नका. स्विचचा मधला सरकणारा भाग, ज्याला स्टेम म्हणतात, तो बहुधा पीओएम या प्लास्टिकचा असतो, खालची हाउसिंग, म्हणजे बाहेरचे कवच, नायलॉनची आणि वरची अनेकदा पॉलीकार्बोनेटची असते. पहिली दोन प्लास्टिके खनिज तेलाला सहसा दाद देत नाहीत, परंतु पॉलीकार्बोनेटला ते मानवत नाही. जेथे प्लास्टिकवर सतत ताण असतो, म्हणजे वरची हाउसिंग खालच्या हाउसिंगला धरून ठेवणाऱ्या आकड्यांपाशी, तेथे त्याला बारीक तडे जाऊ शकतात. शिवाय असे पातळ तेल लावल्या जागी थांबत नाही. ते पसरते, धूळ धरते आणि कालांतराने चिकट होते. गंजलेले स्क्रू सोडवण्याचे फवारेही याच कारणाने वर्ज्य समजावेत, कारण त्यांत वंगणापेक्षा द्रावकच जास्त असते.

या कामासाठी परफ्लुरोपॉलिईथर, म्हणजे पीएफपीई, या तेलावर आधारलेली वंगणे सर्वांत भरवशाची आहेत. हे तेल रासायनिकदृष्ट्या जवळजवळ निष्क्रिय असते, प्लास्टिक आणि रबर यांना ते इजा करत नाही आणि सहसा उडून किंवा सुकून जात नाही. त्यात पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, अतिसूक्ष्म पूड मिसळली की त्याचे ग्रीस होते. आपल्या लिनिअर स्विचसाठी क्रायटॉक्स जीपीएल २०५ ग्रेड ० हे ग्रीस घ्यावे, अशी माझी निःसंशय शिफारस आहे. विकत घेताना 'ग्रेड ०' हे शब्द मात्र आवर्जून तपासा. ग्रेड म्हणजे ग्रीसचा घट्टपणा. २०५ हेच ग्रीस ग्रेड २ मध्येही मिळते आणि ते स्विचसाठी फारच घट्ट ठरते.

लावताना ० किंवा ०० क्रमांकाचा बारीक ब्रश घ्यावा, त्यावरील जास्तीचे ग्रीस डबीच्या काठाला निपटून टाकावे आणि मगच खालच्या हाउसिंगमधील दोन्ही बाजूंच्या सरकपट्ट्यांवर, मधल्या नळीच्या तोंडाशी आणि स्टेमच्या घासणाऱ्या कडांवर हात फिरवावा. पृष्ठभागाला किंचित ओलसर चमक आली की थांबावे. पांढरा थर डोळ्यांना दिसू लागला, तर ग्रीस जास्त झाले आहे असे निश्चित समजावे.

प्रतिसाद २

लिनिअरबाबत वरील मताशी मी सहमत आहे, पण टॅक्टाइल स्विचसाठी तेच ग्रीस तितक्याच सढळ हाताने लावू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. टॅक्टाइल स्विच दाबताना जो उंचवटा बोटाला लागतो, तो स्टेमचे दोन लहान पाय धातूच्या पातळ पट्टीवरून, म्हणजे लीफवरून, घासत उतरल्यामुळे निर्माण होतो. त्या पायांवर २०५ चा थर बसला की उंचवट्याची धार बोथट होते, आणि ज्या स्पर्शासाठी आपण हे स्विच घेतले तोच हरवतो. म्हणून टॅक्टाइलसाठी ट्रायबोसिस ३२०३ किंवा त्याहून थोडे दाट असलेले ३२०४ वापरावे. ही दोन्ही वंगणे २०५ पेक्षा पातळ आहेत. ती सरकपट्ट्यांवर आणि स्टेमच्या बाजूंवर लावावीत, स्टेमचे पाय मात्र कोरडे ठेवावेत. ज्यांना उंचवटा मुद्दाम सौम्य करून हवा असतो, ते पायांनाही पुसटसा हात लावतात आणि त्यात गैर काही नाही, परंतु तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला असावा.

लीफविषयी आणखी एक गोष्ट सर्वच स्विचना लागू आहे. पीएफपीई आणि पीटीएफई हे दोन्ही पदार्थ विजेचे रोधक आहेत. लीफच्या ज्या टोकाशी विद्युतसंपर्क होतो तेथे ग्रीस साचले, तर कळ दाबूनही अक्षर न उमटणे किंवा एकाऐवजी दोनदा उमटणे असे दोष उद्भवू शकतात. त्यामुळे त्या बाजूला ब्रश नेताना विशेष जपावे. क्लिकी स्विचचा आवाज ज्या सुट्या भागातून किंवा बारीक तारेतून येतो, तो भागही कोरडाच राहू द्यावा, नाहीतर ती 'टिक' बसून जाते.

हलक्या स्प्रिंगच्या लिनिअर स्विचमध्येही दाट ग्रीस जास्त झाले तर कळ वर येताना रेंगाळते. संपूर्ण संच हाती घेण्याआधी दोन-तीन स्विचना वेगवेगळ्या प्रमाणात ग्रीस लावून, ते नेहमी लागणाऱ्या अक्षरांच्या जागी बसवून काही दिवस टंकून पाहावे. बोटाला जे प्रमाण पटेल तेच उरलेल्यांना लावावे.

प्रतिसाद ३

स्प्रिंग आणि स्पेसबार या दोन तक्रारी अजून शिल्लक राहिल्या आहेत. स्प्रिंगच्या किणकिणाटासाठी ग्रीसऐवजी तेल बरे, कारण ते वेटोळ्यांमध्ये आपोआप शिरते. क्रायटॉक्स जीपीएल १०५ हे त्यासाठी योग्य आहे. २०५ ग्रीसचे मूळ तेल तेच असल्याने दोन्ही एकाच स्विचमध्ये निर्धास्त वापरता येतात. सर्व स्प्रिंगा बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालाव्यात, तेलाचे मोजके थेंब टाकावेत आणि पिशवीत हवा ठेवून ती चांगली हलवावी.

स्पेसबारचा खडखडाट मात्र स्विचचा नव्हे, स्टॅबिलायझरचा, म्हणजे लांब कळ समतोल ठेवणाऱ्या तारेच्या जोडणीचा आहे, आणि आपल्याकडील सिलिकॉन ग्रीस येथे उपयोगी पडेल. लांब कळेखालच्या तारेची टोके प्लास्टिकच्या खोबणीत सैल असतात आणि प्रत्येक दाबासरशी भिंतींवर आपटतात. ती पोकळी भरून काढण्यासाठी चिकट, दाट आणि जागेवर टिकणारे ग्रीस लागते. विद्युतरोधक सिलिकॉन ग्रीस नेमके तसे असते. हाच चिकटपणा स्विचच्या आत अडथळा ठरतो, म्हणून ते तारेपुरतेच ठेवावे आणि स्टॅबिलायझरच्या सरकणाऱ्या प्लास्टिकला २०५ लावावे. त्याआधी तार सपाट काचेवर ठेवून दोन्ही टोके सारखी टेकतात का, हे अवश्य पाहा. तार वाकडी असेल तर कितीही ग्रीस भरले तरी एक बाजू आपटतच राहते.

प्रश्नकर्ता

आपण सर्वांनी इतक्या बारकाईने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. टॅक्टाइल स्विच कारखान्यातच वंगण लावून आलेले आहेत, असे खोक्यावर लिहिले आहे. त्यांना पुन्हा वंगण लावावे का? आणि एखाद्या स्विचला जास्त लागलेच, तर ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढता येईल का?

प्रतिसाद २

कारखान्यातून वंगण लावून आलेले स्विच आधी आहेत तसेच वापरून पाहा. एक-दोन उघडून पाहिले तर वंगण समान पसरले आहे की एकाच बाजूला साचले आहे, हे लगेच कळेल. स्पर्श चांगला असेल तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही, आणि केवळ स्प्रिंग वाजत असेल तर तेवढ्याच तेलात घोळवाव्यात.

अल्कोहोलचा मात्र उपयोग होणार नाही, कारण पीएफपीई त्यात विरघळत नाही. अल्कोहोलने वंगण फक्त इकडून तिकडे सरकते. ताजे जास्तीचे ग्रीस कोरड्या ब्रशने किंवा धागे न सोडणाऱ्या कापडाने टिपून घ्यावे. पूर्ण साफ करायचे असल्यास प्लास्टिकचे भाग भांडी घासण्याच्या द्रवसाबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासावेत, किंवा अल्ट्रासॉनिक क्लीनरमधून काढावेत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय स्विच जोडू नये. स्प्रिंगांना पाण्याने गंज धरू शकतो, म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्यात.

काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत, आणि आपण धूम्रपान करत असाल तर ही काळजी अधिकच घ्यावी. बोटांवरचे पीटीएफई सिगारेटला लागले, तर तिच्या जळत्या टोकाच्या उष्णतेने त्याचे विघटन होते आणि त्या वाफांमुळे तापासारखा त्रास होऊ शकतो.