शकुंतला रेल्वेची बंद पडलेली स्टेशनं, आठवणी लिहा

कापूसवेडी: काल जुनी गादी पिंजायला दिली तर पिंजारी म्हणे ताई यात सरकी निघतेय, आणि मला एकदम दारव्ह्याचं स्टेशनच आठवलं. आजोबा तिथल्या कापसाच्या जिनात तोलाईला होते. वॅगनमध्ये गाठी चढायच्या तोवर मी फलाटावर बसायचे (फलाट कसला, मातीचा ओटा), केसात रुई, फ्रॉकला रुई, आजी अंगणातच झटकून मग घरात घ्यायची. आता नुसत्या बाभळी आहेत म्हणे. लिहा तुम्हीपण.

निवांत_पोपट: यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११० किलोमीटरच्या वर. एसटीनं गेलेला भाऊ जेवून झोपून उठला तरी आम्ही आपले कारंज्याच्या अलीकडं 😂

रुळावरची: गार्डच तिकीट द्यायचे, फाटक आलं की गाडी उभी, खाली उतरून फाटक लावायचं, गाडी पुढं काढायची, परत उघडायचं. मुलाला सांगितलं तर म्हणतो आई फेकू नकोस

साधा_गणोबा: ती लाईन माणसांसाठी नव्हतीच, वऱ्हाडचा कापूस विलायतेला न्यायला अडीच फुटी रूळ टाकलेले. इंजिन पण मँचेस्टरचंच, १९२१ चं, इकडं १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं, मग डिझेल. स्वातंत्र्यानंतरही मालकी इंग्रजांच्या काळातल्या किलिक निक्सन कंपनीकडंच राहिली. मूर्तिजापूरला रुंद लाईन, छोटी वॅगन पुढं जाणार कशी, म्हणून एकेक गाठ उतरवून दुसऱ्या वॅगनमध्ये. आमचे आजोबा त्या हमालांत. हातात आकडा, खांद्यावर गोणपाट, आणि उजवा खांदा शेवटपर्यंत खाली झुकलेला, शर्ट शिवताना शिंपी दरवेळी विचारायचा.

वऱ्हाडी_ठेचा: आमच्या अचलपूरले मिलचा भोंगा अन् हिची शिट्टी, घड्याळ कोनाच्या घरी होतं भाऊ, माय शिट्टीवर भाकर टाके. गाडी लेट तं जेवन लेट

रुळावरची: @साधा_गणोबा खांद्याचं वाचून गलबललं

चहाबाज: अंजनगावला पानाचे डाग गेले नसतील अजून भिंतीवरचे. बाकी धागा मस्त पण पिंजारी कुठं मिळाला ते आधी सांगा, चार गाद्या पडून आहेत

कापूसवेडी: दारावर येतो हो, धनुकली वाजली की पळत खाली जायचं, पाच मिनिटं थांबत नाही. सरकी ठेवलीय, कुंडीत लावू का?

वऱ्हाडी_ठेचा: तीस वर्साची सरकी? म्हैसबी तोंड फिरवन ताई