रशियन घरच्या घरी शिकायची आहे, इंग्रजी कच्चं आहे. सुरुवात कुठून करू?

सावंतवाडीकर
नमस्कार मंडळी. मी गोव्यात मोरजीला एका रेस्टॉरंटमध्ये कामाला आहे. नोव्हेंबर ते मार्च आमची बरीचशी गिऱ्हाइकं रशियन असतात. मेनूकार्डही रशियनमध्ये छापलंय, पण मला ते वाचता येत नाही. गिऱ्हाईक बोट ठेवतं आणि मी पदार्थाचा नंबर लिहून घेतो. 'स्पसीबा', 'खराशो' असे शब्द ऐकून ऐकून आलेत, तेवढेच. आता पावसाळाभर हाताशी वेळ आहे. क्लास परवडणार नाही. मोबाईलवर अ‍ॅप घेतलं, तर ते सगळं इंग्रजीतून शिकवतं. माझी बारावी मराठी माध्यमातून झाली, इंग्रजी जेमतेम. आधी इंग्रजी सुधारावं लागेल का? आणि अक्षरं आधी की बोलणं?

जुना_ड्राफ्ट्समन
इंग्रजीसाठी अजिबात थांबू नका. मी ओझरला मिग विमानांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला होतो. रशियन कागदपत्रं समोर यायची, म्हणून संध्याकाळी शब्दकोश घेऊन घरीच शिकलो. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की मराठी माणसाने रशियन मराठीवरूनच शिकावी.

तुमच्या कामातलंच बघा. 'मला मासा आवडतो' यात 'मला' ही चतुर्थी, आणि क्रियापद चालतं माशाप्रमाणे. रशियनमध्येही तसंच: 'म्न्ये न्रावित्सा रीबा'. इंग्रजीवरून येणारा इथे अडखळतो, तुम्ही अडखळणार नाही. 'माझ्याकडे आहे' याला 'ऊ मिन्या येस्त', म्हणजे रचना आपलीच. 'हे अमुक आहे' अशा वाक्यात मात्र वर्तमानकाळातला 'आहे' ते गाळतात. 'हा माझा भाऊ' म्हणतो तसं 'एता रीबा', हा मासा. लिंगं तीन, आणि ती शब्दाच्या शेवटावरून बहुधा कळतात: 'चाय' पुल्लिंगी, 'रीबा' स्त्रीलिंगी, 'मलाको' म्हणजे दूध नपुंसकलिंगी. विभक्त्या सहा. शाळेत आपण आठ पाठ केल्यात, त्यामुळे प्रथमा-द्वितीयेचं भय नको.

अक्षरं आधी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एकूण 33 आहेत, रोज थोडी घेतली तर लवकर बसतात. त्रास देतात ती इंग्रजीसारखी दिसणारी: 'पी' दिसतो तो 'र', 'एच' दिसतो तो 'न', 'सी' दिसतो तो 'स', 'बी' दिसतो तो 'व'. गोव्यात रशियन पाट्यांवर मोठ्या अक्षरात 'पेक्टोपाह' असं काहीतरी वाचल्यासारखं वाटलं असेल. ते 'रेस्तरान' आहे. त्या एका शब्दात यातली तीन फसवी अक्षरं भेटतात, तिथूनच सुरुवात करा.

आघात, म्हणजे शब्दात जोर कुठे द्यायचा ते, मात्र पहिल्या दिवसापासून सांभाळा. ज्या 'ओ'वर आघात नाही तो 'ओ' राहत नाही. दुधाच्या शब्दात तीन 'ओ' लिहितात, पण आघात फक्त शेवटच्यावर, म्हणून उच्चार 'मलाको'. मेनूकार्डावर आघाताची खूण नसते, शब्दकोशात असते. नवा शब्द वहीत उतरवताना ती खूण घातल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि मी इथे देवनागरीत लिहितोय ते कानाला अंदाज यावा म्हणून. तुमच्या वहीत रशियन अक्षरंच हवीत. 'रीबा'तला 'री' आपला नव्हे: 'ई' म्हणताना जीभ मागे ओढायची, ओठ गोल करायचे नाहीत. देवनागरीत लिहून ठेवलंत की तो आवाज कायमचा गेला.

गौरी_कझान
काकांचं व्याकरणाचं पटलं, पण अक्षरं पूर्ण होईपर्यंत बोलणं थांबवू नका. मी इथे रशियात, कझानला, एमबीबीएसला आहे. लेक्चर इंग्रजीत, पण वॉर्डात पेशंट रशियनच बोलतात. 'श्तो उ वास बलीत?' (काय दुखतंय?) हे मी आधी तोंडात बसवलं, त्यातली षष्ठी नंतर समजली.

तुमच्यासाठी सोपी गोष्ट: आकड्यानुसार नामाचं रूप बदलतं. एक 'रूपिया', दोन ते चार 'रूपिई', पाचपासून वीसपर्यंत 'रूपिय', एकवीसपासून पुन्हा तेच चक्र. पण बिलाचा आकडा शून्यात संपत असेल तर दरवेळी 'रूपिय'च. 350 म्हणजे 'त्रीस्ता पिद्दिस्यात रूपिय'. आधी दहा-वीस-तीस आणि शंभर-दोनशे पाठ करा, बाकीचं मागाहून.

आणि क्रियापदं जोडीनेच पाठ करा. 'पिसात' म्हणजे लिहीत असणं, 'नपिसात' म्हणजे लिहून पूर्ण करणं. मराठीत आपण 'लिहीत होतो' आणि 'लिहून टाकलं' असं एकाच धातूवर भागवतो. त्यांच्याकडे दोन वेगळी क्रियापदं. मला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागला.

सावंतवाडीकर
काका, ताई, खूप आभार. 'मला आवडतं' वाचून धीर आला. एक रोजची अडचण विचारतो. रात्री नऊनंतर बांगडा संपतो, ते मी हात हलवून सांगतो. नीट कसं सांगू?

जुना_ड्राफ्ट्समन
बांगड्याला 'स्कुम्ब्रिया', आघात पहिल्या 'स्कुम्'वर. 'नाही' म्हणजे 'न्येत', आणि जे नाही ते षष्ठीत जातं. म्हणून 'स्कुम्ब्रिई न्येत'. चहा संपला तर 'चाया न्येत', मासेच संपले तर 'रीबी न्येत'. मेनूकार्डातला एकेक पदार्थ घ्या आणि 'आहे' नि 'नाही' दोन्ही वहीत लिहा. कार्ड संपेपर्यंत षष्ठी एकवचन तुमचं झालेलं असेल. अडलं तर इथेच विचारा, मी रोज संध्याकाळी बघतो.