पहिलं पान उठत नाहीये, उद्या दुपारी प्रेसला द्यायचंय – तातडीने मदत हवी आहे

कोरा_कागद
नमस्कार. आमच्या पाक्षिकाचं पान १ लावून दाखवलं. संपादक म्हणाले, "पान उठत नाही, सगळं एका सुरात आहे, पुन्हा लावा." नक्की काय बदलायचं ते सांगत नाहीत. मथळे वाढवले, सगळे बोल्ड केले, दोन बातम्यांच्या मागे फिकट रंग दिला, लीडला (मुख्य बातमीला) चौकट दिली. तरी तेच उत्तर. शिवाय शेजारशेजारच्या कॉलमांच्या ओळी एकमेकींना लागत नाहीत आणि शब्दांमध्ये भोकं पडताहेत. उद्या दुपारी पानं सोडायची आहेत. कृपया थेट उपाय सांगा, अमुक पुस्तक वाचा असं नको.

शाईवाला
आकार कुठला? ब्रॉडशीट, टॅब्लॉइड? कॉलम किती, बातम्या किती, फोटो किती? कशात लावताय? कागद कुठला? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पानाचा स्क्रीनशॉट टाका.

दोनओळी
चौकट आणि रंग आधी काढा. बाकी नंतर बघू.

रंगारी
प्रेसला देण्यापूर्वी फोटो सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) बदललेत ना? न्यूजप्रिंटवर (वृत्तपत्राच्या कागदावर) चारही शायांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत ठेवा, नाहीतर शाई सुकत नाही आणि समोरच्या पानावर डाग उठतात. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांचा काळा दिलात तर छपाईत रंग जरा सरकला की बारीक अक्षरं दुहेरी दिसतात.

कोरा_कागद
@रंगारी, ते प्रेसवाले बघतात, माझा प्रश्न तो नाही.
@शाईवाला, टॅब्लॉइड, २८० बाय ४३० मिमी. सॉफ्टवेअर इनडिझाइन. न्यूजप्रिंट. फोटो तीन, तिन्ही दोन-दोन कॉलम. मजकूर अजून प्रसिद्ध व्हायचाय, म्हणून स्क्रीनशॉट टाकता येणार नाही.

शाईवाला
आणि कॉलम? बातम्या?

कोरा_कागद
कॉलम सहा. बातम्या सात.

चौरस
दुखणं इथेच आहे. तीन फोटो एकाच मापाचे आणि मथळे सगळे बोल्ड. वाचकाने सुरुवात कुठून करायची? सात जण एकदम ओरडले की एकाचंही ऐकू येत नाही, तसं झालंय. एक फोटो निवडा आणि तो बाकीच्यांच्या निदान दुप्पट करा. मथळ्यांच्या तीन पायऱ्या ठेवा: लीड ४० पॉइंट, दुसरी बातमी २८, उरलेल्या १८ ते २०. बोल्ड फक्त लीडला. प्रत्येक बातमी तिचा मथळा, फोटो, मजकूर धरून एका आयतात बसवा. मॉड्युलर पद्धत हीच. उद्या सकाळी एखादी बातमी बदलावी लागली तर आयत उचलून दुसरा ठेवता येतो, अख्खं पान पाडावं लागत नाही.

जुळारी
आयतांचा हा आग्रह मला पटत नाही. खिळे जुळवायच्या काळापासून बातमी फोटोखालून वळवून शेजारच्या कॉलमात चढवत आलो, वाचक बरोबर वाचतो. सगळे चौकोन केलेत तर पान फरशीसारखं सपाट होतं. नियम म्हणाल तर लंडनच्या 'द टाइम्स'च्या पहिल्या पानावर ३ मे १९६६ च्या आधी छोट्या जाहिराती असायच्या, बातम्या आत. तेही पान लोक वाचतच होते.

कोरा_कागद, संगणक बंद करा आणि कागदावर डमी, म्हणजे पानाचा कच्चा आराखडा, काढा. पेन्सिलने सहा कॉलम आखा, सातही बातम्यांना क्रमांक द्या आणि क्रमांकाप्रमाणे जागा वाटा. हा क्रम ठरवल्याशिवाय पान लागत नसतं.

चौरस
डमीबद्दल शंभर टक्के सहमत. वळवलेल्या बातमीबद्दल नाही. वाचक कॉलमच्या तळाला पोचला की पुढे कुठे जायचं हे त्याला शोधावं लागता कामा नये. फोटोखालून वळून वर चढलेल्या मजकुरात तो हमखास शेजारच्या बातमीत शिरतो.

निळी_रेघ
डोळा वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघतो आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात थांबतो. एडमंड अर्नॉल्ड यांनी मांडलेला गुटेनबर्ग डायग्राम तेच सांगतो. लीड वर डावीकडे ठेवा, प्रश्न मिटेल.

चौरस
नुसत्या मजकुराच्या पानाला ते लागू पडतं. फोटो असलेल्या पानावर नजर आधी सर्वांत मोठ्या फोटोवर जाते, तिथून मथळ्यावर. अमेरिकेतल्या पॉइंटर इन्स्टिट्यूट या पत्रकारितेच्या संस्थेने १९९१ साली वाचकांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या तेव्हा हेच दिसलं होतं. म्हणून मोठा फोटो लीडचाच हवा. फोटो एका बातमीचा आणि मोठा मथळा भलत्याच बातमीचा, असं झालं की वाचक दोन्हींची सांगड घालत बसतो.

शाईवाला
एक विचारायचं राहिलं. पान १ वर जाहिरात आहे का?

कोरा_कागद
हो, तळाला पूर्ण रुंदीची, १५० मिमी उंच. ती तर असतेच, हलवता येत नाही, म्हणून लिहिलं नव्हतं.

शाईवाला
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! आता हिशोब बघा. ४३० मधून वरखाली १२-१२ मिमी समास गेले, ४०६ उरले. मास्टहेडला (वरच्या नावाच्या पट्टीला) ६० धरू. जाहिरातीचे १५० आणि मधल्या मोकळ्या जागा वजा केल्या की तुमच्या हातात १९० मिमी उंची राहते. त्यात सात बातम्या आणि तीन फोटो? संपादकांना एकसुरी दिसतंय ते यामुळे. जाहिरात काय रंगाची आहे?

कोरा_कागद
लाल. भडक लाल, वर पांढरी अक्षरं.

शाईवाला
मग पानावरची सर्वांत जोरदार गोष्ट जाहिरातच आहे. तिच्याशी रंगाने झगडू नका, हरणार. मथळे काळेच ठेवा, फिकट रंगाच्या पट्ट्या काढा आणि जाहिरातीच्या वर निदान ६ मिमी पांढरी जागा सोडा.

कॉलमही सहा नकोत. समास सोडून २५६ मिमी रुंदी आहे. सहा कॉलमांत मधल्या ४ मिमीच्या फटी वजा केल्यावर एक कॉलम ३९ मिमीचा पडतो, म्हणजे ओळीत जेमतेम तीन-चार शब्द. दोन्हीकडून जुळवलेल्या मजकुरात भोकं पडणारच. पाच केलेत तर कॉलम बरोबर ४८ मिमीचा होतो.

दोनओळी
भोकांसाठी लेटर स्पेसिंग थोडं मोकळं सोडा, जागा अक्षरांत वाटली जाते.

जुळारी
देवनागरीत ते मुळीच करू नका. अक्षरं लांब गेली की शिरोरेघ तुटते आणि शब्द फाटल्यासारखा दिसतो. फरक शब्दांमधल्या जागेतच घ्यावा, नाहीतर अरुंद कॉलम डावीकडून जुळवून उजवी कड मोकळी सोडावी. शाईवाल्यांचे पाच कॉलम मात्र मान्य.

अक्षरवेल
अवांतर: मजकूर युनिकोडमध्ये आहे की जुन्या फॉन्टमध्ये? जुन्या फॉन्टमधून बदललेला असेल तर आकडे, अवतरणचिन्हं आणि रफार एकदा नीट तपासा. आणि इनडिझाइनमधला वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर लावलाय का? नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि वेलांटी भलत्या जागी जाते.

कोरा_कागद
जोडाक्षरं व्यवस्थित आहेत. मजकूर अर्धा ईमेलने येतो, अर्धा व्हॉट्सअॅपवर. फोटोही तिथूनच. ओळी का लागत नाहीत हे कुणीच सांगितलं नाही अजून!

निळी_रेघ
व्हॉट्सअॅपचे फोटो मोठे करू नका, इंचाला ३०० ठिपके (डीपीआय) नसतील तर फुटतील.

रंगारी
३०० चकचकीत कागदाला. न्यूजप्रिंटवर छपाईच्या ठिपक्यांची जाळी इंचाला ८५ ते १०० रेषांची असते, १५० ते २०० पिक्सेल प्रति इंच पुरतात. कोरा_कागद, फोटो किती पिक्सेल रुंद आहे?

कोरा_कागद
लीडचा १२८०.

रंगारी
पाचपैकी तीन कॉलम म्हणजे १५२ मिमी, सुमारे ६ इंच. इंचाला २१० च्या वर पिक्सेल मिळतात. बिनधास्त लावा. कड कापायची असेल तर थोडीच कापा. आणि फोटोतला माणूस पानाच्या आत बघणारा हवा. बाहेर बघत असेल तर फोटो आरशातल्यासारखा उलटा करू नका, त्याची जागा बदला.

चौरस
आता ओळींचं. मुख्य मजकुराला लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं अंतर, ऑटो ठेवलंय का?

कोरा_कागद
हो, मजकूर ११ पॉइंट, इंट्रो (बातमीचा सुरुवातीचा भाग) १२, लीडिंग सगळीकडे ऑटो. परिच्छेदानंतर २ मिमी जागा.

चौरस
तिथेच गडबड आहे. ऑटो म्हणजे अक्षराच्या १२० टक्के. ११ ला १३.२ आणि १२ ला १४.४. इंट्रोच्या चार ओळींतच जवळपास ५ पॉइंटचा फरक पडला, त्यात २ मिमीची जागा आणखी भर घालते. शिवाय इनडिझाइनमध्ये लीडिंग अक्षराला चिकटलेलं असतं. ओळीतल्या ज्या अक्षराचं सर्वांत जास्त, ते अख्ख्या ओळीला लागतं. ईमेलमधून पेस्ट केलेल्या मजकुरात १४ पॉइंटची एखादी रिकामी जागा राहिली तरी ती ओळ खाली ढकलली जाते, आणि डोळ्यांना काही दिसत नाही.

आधी सगळा मजकूर निवडून पॅराग्राफ स्टाइल लावा, वरचे बदल पुसून टाका. लीडिंग पक्कं १४ करा, इंट्रोलाही १४. परिच्छेदानंतरची जागा शून्य, त्याऐवजी पहिली ओळ ३ मिमी आत घ्या. प्रेफरन्सेसमध्ये ग्रिड्सखाली बेसलाइन ग्रिड (ओळी ज्यांवर बसतात त्या समान अंतराच्या रेषा) १४ पॉइंटची करा आणि मजकूर तिला बांधा. मथळे आणि फोटोओळी बांधू नका.

११ वर १४ सढळ वाटेल, पण देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात. १३ ला ते एकमेकांत अडकतात.

जुळारी
हे पूर्ण बरोबर.

शाईवाला
मग पान असं लावा. डावीकडे तीन कॉलम लीड: १०० मिमी उंच फोटो, एक फोटोओळ, दोन ओळींचा मथळा, खाली जवळपास ५० मिमी मजकूर, म्हणजे कॉलमला दहा ओळी. उरलेलं पान ३ वर. उजवीकडे दोन कॉलमांत दुसरी बातमी, ११० मिमीपर्यंत. तिचा मथळा लीडच्या मथळ्याच्या रेषेत येऊ देऊ नका. शेजारी-शेजारी आले तर वाचक दोन्ही सलग वाचतो. तिच्याखाली 'आतल्या पानांत' म्हणून उरलेल्या पाच बातम्यांची एकेक ओळ, पान क्रमांकासह.

कोरा_कागद
पाच कॉलम केले, लीड तसंच लावलं. ओळी लागल्या! एका बातमीत खरंच १४ पॉइंटची रिकामी जागा निघाली. संपादकांनी आत्ताच पाहिलं, "आता पान दिसतंय" म्हणाले. पण पाचपैकी एक बातमी पान १ वर हवीच म्हणताहेत, फोटोसकट. कुठे घालू?

निळी_रेघ
लीडचा फोटो दोन कॉलम करा, जागा निघेल.

शाईवाला
नको, मग पुन्हा दोन फोटो बरोबरीचे होतील. दुसऱ्या बातमीच्या आठ ओळी कापा. 'आतल्या पानांत' मधलं हे एक नाव जाईल, चार ओळी उरतील, त्या खाली सरकवा. मधल्या जागेत नवी बातमी दोन कॉलम, २० पॉइंटचा एकाच ओळीचा मथळा. फोटो सिंगल कॉलम, नुसता चेहरा कापून, मथळ्याखाली डाव्या कॉलमात. मजकूर उजव्या कॉलमात, पुढचा पान ५ वर. आणि पान ५ वर तोच मथळा थोडक्यात पुन्हा द्या, तिथे वेगळा मथळा दिला की लोकांना बातमी सापडत नाही.

कोरा_कागद
लावतोय.