निळ्या धुराचं खापर टर्बोवर फोडण्याआधी

"निळा धूर दिसला की टर्बो संपला, बदलून टाका" हे मला पटत नाही. तेल जळतंय एवढंच त्यातून कळतं. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. त्यात तेल पंपाच्या दाबाने जातं, पण परत संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीत, उतरतं ते स्वतःच्या वजनाने. इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पोकळीत, दाब साठतो, तेल उतरत नाही आणि सीलमधून निसटतं. माझ्या डिझेल गाडीचं हेच झालं होतं. सिग्नलला दोन मिनिटं थांबली की निघताना मागे निळा लोट. नव्या टर्बोचा आकडा ऐकून पोटात गोळा आला होता. एका जुन्या मिस्त्रीने चालू इंजिनवर तेलाचं झाकण सैल केलं, तर ते थडथड नाचायला लागलं. ब्रीदरमध्ये काळा चिकट गाळ निघाला. तो साफ केला, टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर धुतला, धूर बंद. इंटरकूलर विसरू नका. त्यात साचलेलं तेल डिझेल इंजिनाने ओढलं तर चावी काढूनही ते थांबत नाही.

धुरासारखंच आवाजाचं खापरही लगेच टर्बोवर फोडू नका. फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआयच्या टर्बो आणि सुपरचार्जर दोन्ही असलेल्या इंजिनात सुपरचार्जर, म्हणजे हवा कोंबणारा दुसरा पंप, इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो आणि साधारण ३,५०० आरपीएमनंतर त्याला जोडणारा चुंबकीय क्लच सुटतो. त्यापुढेही घरघर तशीच राहिली तर आधी पाण्याच्या पंपाची पुली तपासा, कारण तो क्लच तिच्यावरच बसवलेला असतो.