विचित्र नावांच्या फाइली पेनड्राइव्हवरून निघत नसतील तर

कधीकधी पेनड्राइव्हवर चौकोन-चिन्हांच्या नावाच्या फाइली दिसतात आणि त्या डिलीट करायला गेलं की 'फाइल सापडत नाही' असं येतं. त्या मुळात फाइली नाहीतच. फोल्डरच्या नोंदी जिथे असतात तिथे भलताच डेटा लिहिला गेलाय, आणि विंडोज तोच नाव, तारीख, आकार म्हणून वाचतंय. म्हणून तर ८ जीबीच्या ड्राइव्हवर ३ जीबीच्या दहा फाइली दिसतात. एकेक पुसत बसू नका.

आधी चांगल्या फाइली दुसरीकडे कॉपी करा. ही पायरी अजिबात गाळू नका, दुरुस्तीत तुटलेलं फोल्डर सरळ कापलं जाऊ शकतं. मग ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. फाइलींचे सुटे तुकडे सापडले तर 'फाउंड.०००' या लपवलेल्या फोल्डरात .सीएचके नावाने मिळतात, फोटोच्या तुकड्याच्या नावात .सीएचके ऐवजी .जेपीजी लावलं की कधीकधी तो उघडतोही.

तरी कचरा राहिला तर फॉरमॅट, आणि 'क्विक'ची खूण काढूनच, म्हणजे खराब सेक्टर (ड्राइव्हवरच्या डेटा साठवायच्या बिघडलेल्या जागा) कळतात. फॉरमॅटही 'राइट प्रोटेक्टेड' (लिहायला बंद) म्हणून अडला आणि ड्राइव्हला लॉकचं बटण नसेल, तर बहुधा चिपच संपत आलीय. त्यावर पुन्हा काही महत्त्वाचं ठेवू नका.