केटलिन क्लार्क आधी, की गर्दी आधी?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कला १५ एप्रिल २०२४ रोजी इंडियाना फीवर संघाने अमेरिकेच्या व्यावसायिक महिला बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, पहिल्या क्रमांकावर निवडले. चार वर्षांत तिने ३,९५१ गुण केले होते. तिथल्या अव्वल श्रेणीच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तोवर एकाही पुरुषाने किंवा स्त्रीने इतके गुण केले नव्हते. त्याच वर्षी महाविद्यालयीन महिलांचा अंतिम सामना आयोवा हरली, तरी दूरचित्रवाणीवर तो पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला.

माझे म्हणणे असे, की ही मुलगी आकाशातून पडलेली नाही. आयोवा हे मक्याचे आणि डुकरांचे, म्हणजे शेतकऱ्यांचे राज्य. तिथल्या शाळांत १९९३ पर्यंत मुलींचा सहा-सहा जणींचा निराळाच बास्केटबॉल चाले: तिघी चढाई करणार, तिघी बचाव, मधली रेषा कोणी ओलांडायची नाही आणि चेंडू दोनदाच टपकवायचा. आज हसू येईल असे हे नियम, पण तो खेळ पाहायला गावेच्या गावे लोटत. क्लार्कचा जन्म २००२ चा. म्हणजे तिच्यासाठी टाळ्या वाजवणारे हात तिच्या जन्माआधीच तयार होते. आपल्या बेळगाव तालुक्यात कुस्तीच्या फडाला माणूस मावत नाही. त्यातली चार माणसे मुलींच्या सामन्याला बसू लागली, तर खेळाडू आपोआप घडतील, असे मला वाटते.

खानापूरचा मामा

‘आपोआप’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कोणालाही डावलता येणार नाही, असा कायदा अमेरिकेने १९७२ मध्ये केला आणि त्यानंतर महाविद्यालयांत मुलींचे संघ, प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या हे सारे हळूहळू उभे राहिले. गर्दीने टाळ्या दिल्या असतील. फी कायद्याने दिली.

माझ्या भाचीचे सांगतो. ती बेळगावात एका शाळेत शिकत असताना तिथे सिमेंटचे कोर्ट होते, एका बाजूची रिंग वाकलेली, जाळी दोन्हीकडे नाही. सराव सहाला संपायचा, तर गावाकडची तिची शेवटची बस पावणेसहाला. त्यामुळे सुरुवातीचे शॉट मारून ती निघायची आणि शेवटचा अर्धा तास, ज्यात पाच जणींनी मिळून चाली बसवायच्या असतात, तो तिला वर्षभर मिळालाच नाही. ‘हिला संघात खेळता येत नाही’ म्हणून तिला वगळले, आणि खरे सांगायचे तर सरांचे चुकले नव्हते. इथे प्रेक्षक आणून काय करणार होतात?

वडगावची वाचक

दोघेही क्लार्कलाच मोजपट्टी धरून बोलत आहात. पहिल्या वर्षाचा तिचा लीगमधला पगार होता ७६,५३५ डॉलर. त्याच वर्षी पुरुषांच्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेल्या मुलाला एक कोटी डॉलरांहून अधिक मिळाले. क्लार्क श्रीमंत झाली ती जाहिरातींवर. एजा विल्सन २०१८ ची पहिली निवड, २०२४ पर्यंत तीनदा लीगची सर्वोत्तम खेळाडू. तिच्या नावाचा बूट मात्र २०२५ मध्ये दुकानात आला. शिवाय २०२४ मध्ये साऱ्या लीगमध्ये जागा होत्या जेमतेम १४४. अशा व्यवसायाची स्वप्ने मुलींना दाखवताना हे आकडेही दाखवावेत, इतकेच.

आणि गर्दीचेच म्हणाल, तर तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीच्या प्रकारात कांस्यपदक आणले, तेव्हा गर्दी कुठे होती?

टिळकवाडीकर

ताई, मलप्रभांचे उदाहरण मला मान्य आहे, पण ते माझ्याच बाजूचे आहे. मॅटवर सरावाला एक जोडीदार पुरतो. बास्केटबॉलला रोज संध्याकाळी दहा मुली एकदम लागतात, म्हणजे दहा घरांची परवानगी लागते. ती परवानगी कायद्याने मिळत नाही, ती गावाने पाहिल्यावर मिळते. २०१७ मध्ये भारताच्या महिला संघाने बंगळूरमध्ये कझाकस्तानला ७५-७३ असे हरवून आशिया चषकाचा ‘ब’ गट, म्हणजे दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा, जिंकला. आपल्याच राज्यात, रात्रीच्या एका गाडीच्या अंतरावर. आपल्यापैकी किती जण गेलो? मी स्वतः गेलो नाही. निकाल दुसऱ्या दिवशी वाचला. पगाराचे म्हणाल, तर क्लार्कचे सामने भरू लागल्यावरच तो प्रश्न तिथे चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. (त्यांच्याकडे टपरी नसेल, पण अर्थ कळला असेल.)

बसबद्दल मात्र मामांचे खरे आहे. मी शहरात वाढलो, मला ते सुचलेच नाही.

खानापूरचा मामा

दहा घरांची परवानगी हा मुद्दा मला पटला. आमच्या घरातही ती सहज मिळाली नव्हती. मग सामने रविवारी सकाळी ठेवा आणि वेळ ठरवण्याआधी खेड्यांच्या बसचे वेळापत्रक मागवून घ्या, प्रेक्षक मी दहा आणतो. भाची अजून गोठ्याच्या भिंतीला खिळवलेल्या रिंगवर रोज चेंडू टाकते. लांबून टाकलेला शॉट दहापैकी सात वेळा तरी पडतो. पास द्यायला समोर म्हैस असते.