गेटवरचा बॅनर कोणाला विचारून लावला?

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

देशपांडे बी-७०४ (८:५२): सुप्रभात. मेन गेटवर "युद्ध नको, अणुबाँब नको" असा बॅनर लागलाय तो कोणाला विचारून लावला? दूध आणायला गेलो तर वॉचमन म्हणतो मॅडमनी लावला, कोणत्या मॅडम ते त्यालाही सांगता येईना. कमिटीची परवानगी आहे का? बारा दिवसांवर १५ ऑगस्ट आलाय आणि आपल्या गेटवर हे.

शिंदे सेक्रेटरी (८:५९): देशपांडेसाहेब नमस्कार 🙏 मेधाताईंनी ६ तारखेला क्लबहाऊसमधे मुलांचा कार्यक्रम आहे असं मला तोंडी सांगितलं होतं. बॅनरचं मला माहीत नव्हतं.

देशपांडे बी-७०४ (९:०१): तोंडी सांगितलं की झालं का? मी मागच्या वर्षी गेटवर भाड्याचा बोर्ड लावला होता तो दोन तासांत काढायला लावला होतात. नियम सगळ्यांना सारखे हवेत.

कदम खजिनदार (९:०४): ६ तारखेचं क्लबहाऊसचं भाडं ५०० रु. अजून जमा नाही. माहितीसाठी.

मेधा ए-४०३ (९:१७): काका नमस्कार. बॅनर मी लावला, लेखी विचारायला हवं होतं ते राहिलं, ती चूक माझी. पण तो कापडी आहे, जुन्या चादरीवर मुलांनी पोस्टर कलरने रंगवलाय, शुक्रवारी दुपारभर बसली होती दहा-बारा पोरं. येत्या बुधवारी हिरोशिमाला ८० वर्षं होतायत. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी सव्वाआठ. त्या वर्षाअखेरपर्यंत तिथे साधारण १ लाख ४० हजार माणसं गेली, त्यात शाळेतली मुलं किती होती, कारण कामाला म्हणून त्यांना रस्त्यावर आणलं होतं. तीन दिवसांनी नागासाकी. आपण संध्याकाळी ७ ला अर्धा तास बसणार, मुलं कागदी पक्षी करणार, दोन मिनिटं शांत उभं राहायचं, एवढंच आहे. घोषणा नाहीत, कुठल्या पक्षाचं कोणी येणार नाही.

राहुल सी-२०१ (९:२१): सव्वाआठ म्हणजे जपानची वेळ ना, आपल्याकडे तेव्हा पावणेपाच. पहाटे ठेवा, सगळे शांतच असतात 😄

सुषमाकाकू बी-१०१ (९:२३): पावणेपाचला शांत कुठे, सी विंगमधली ती पांढरी गाडी तेव्हाच निघते आणि रिव्हर्सला ते गाणं वाजत राहतं. चार महिने सांगतेय.

राहुल सी-२०१ (९:२४): काकू ती माझी नाही 🙏

सुषमाकाकू बी-१०१ (९:२४): तुझी म्हटलं नाही रे. ज्याची आहे त्याला कळलं.

जाधव बी-६०२ (९:३१): मुद्दा भरकटवू नका. प्रश्न एवढाच आहे, शांतता आपणच पाळायची का? पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली, त्यातली दोन आपल्या पुण्याची. तेव्हा कुठे होते हे शांततावाले? हा बॅनर तिकडे नेऊन लावा म्हणावं.

मेधा ए-४०३ (९:३८): जाधव, त्या आठवड्यात गेटपाशी पणत्या लावल्या होत्या तेव्हा मी आणि तुमची आई शेजारी उभ्या होतो, रडत होतो दोघी. तुम्ही फोटो काढला होतात. वर जाऊन बघा ग्रुपवर.

जाधव बी-६०२ (९:४०): ते वेगळं.

देशपांडे बी-७०४ (९:४२): मेधाताई वैयक्तिक घेऊ नका. मुलांना हिरोशिमा शिकवायला माझी ना नाही. पण "युद्ध नको" हे आत्ता, या वर्षी, गेटवर लावलं की त्याचा अर्थ वेगळा निघतो. माझा भाचा फौजेत आहे, जम्मूला, हे सगळ्यांना माहीत आहे. मेमधे पाकिस्तानशी लढाई चालू होती त्या चार रात्री माझी बहीण फोन हातात धरून बसली होती. त्याने येताना आपल्या गेटवर हे वाचायचं का, की तू करतोस ते नको?

कदम खजिनदार (९:४५): क्लबहाऊसचं भाडं ५०० आणि सफाईचे १००. मेणबत्त्या लावणार असाल तर डिपॉझिट वेगळं. मागच्या वेळी फरशीवर मेण सांडलं ते अजून निघालं नाहीये, बाईंनी सुरीने खरवडलं.

स्नेहा ए-३०२ (९:४७): मेणबत्त्या नाहीत दादा, सांगितलंय ना आधीच.

कदम खजिनदार (९:४७): लेखी नाही.

मेधा ए-४०३ (१०:०५): काका, तुमच्या बहिणीच्या त्या रात्री मला माहीत आहेत, मी वर येऊन बसले होते दोनदा. त्या रात्रींमुळेच तर मी हे करतेय. त्याच रात्री या ग्रुपवर कराची बंदर उडवल्याचा व्हिडिओ फिरत होता, पंचवीस जणांनी टाळ्या वाजवल्या, सकाळी ते खोटं निघालं आणि कोणी एक अक्षर बोललं नाही. आणि इकडे ताई विचारत होत्या, खरं असेल तर आता आपल्याकडे काय पडणार. सैनिकाविरुद्ध मी कधी एक शब्द बोललेय का सांगा. ॲडमिरल रामदास आपल्याच अलिबागला राहायचे, मागच्या वर्षी गेले. ७१ च्या लढाईत वीरचक्र, पुढे नौदलप्रमुख झाले, आणि निवृत्तीनंतर सगळं आयुष्य भारत-पाक शांततेच्या आणि अणुबाँबविरोधी कामात घातलं, २००४ ला त्यासाठी मॅगसेसे मिळालं, ते पण एका पाकिस्तानी माणसाबरोबर विभागून. त्यांना कोणी देशप्रेम शिकवायला जाणार आहे का? आणि आपल्या लोकसभेत कितीतरी वर्षं ६ ऑगस्टच्या सुमाराला हिरोशिमाच्या लोकांसाठी खासदार उभे राहून मौन पाळतात. संसदेत चालतं ते आपल्या क्लबहाऊसमधे का चालू नये?

जाधव बी-६०२ (१०:०७): पुढे पाठवलेला मेसेज: "जागा हो हिंदुस्थान, शांततेचे पुजारी कोण आहेत ओळखा…"

शिंदे सेक्रेटरी (१०:०८): जाधव, पुढे पाठवलेले राजकीय मेसेज इथे नकोत, एजीएममधे ठरलंय. कृपया डिलीट करा.

जाधव बी-६०२ (१०:०९): हा मेसेज डिलीट केला गेला

रूपाली सी-५०४ (१०:१६): मी कधी लिहीत नाही पण आज लिहिते. माझं माहेर डहाणूकडचं. आमच्याकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात, हद्द ओलांडली म्हणून पकडले की कराचीच्या तुरुंगात. समुद्रात काय रेघ मारलीय का. १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही सरकारं एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, या १ जुलैच्या यादीत त्यांच्याकडे आपले १९३ मच्छीमार आहेत आणि आपल्याकडे त्यांचे ८१. वातावरण तापलं की यांची सुटका अडकते, मग वर्षावर वर्षं जातात. येत्या शनिवारी नारळी पौर्णिमा आहे, आमच्या आळीत एका घरी चार वर्षं नारळ सोडायला घरचा माणूसच नाही, त्याची बायको दिराच्या हातून सोडते. मेधाताई मी बुधवारी येणार आहे.

सुषमाकाकू बी-१०१ (१०:१८): शनिवारी राखी पण आहे आणि ९ तारीख म्हणजे नागासाकीचा दिवस. कसं आलंय बघ एकत्र. रूपाली, ये गं जेवायला कधीतरी.

राहुल सी-२०१ (१०:२२): मुलं ते बगळे करतायत ना? माझी मुलगी सकाळपासून करतेय, घरात कागद उरला नाहीये, टँकरची पावती घडी घालून बगळा केला 😅

मेधा ए-४०३ (१०:२४): बगळा नाही, क्रौंच. सादाको सासाकी नावाची मुलगी होती, बाँब पडला तेव्हा दोन वर्षांची. काही झालं नाही तिला तेव्हा. शाळेत पळण्यात पुढे असायची. अकराव्या-बाराव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला, आणि दवाखान्यात पडल्या पडल्या औषधाच्या पुड्यांचे कागद घेऊन क्रौंच करत बसायची, हजार केले की इच्छा पुरी होते असं मानतात म्हणून. १९५५ च्या ऑक्टोबरमधे गेली. बारा वर्षांची.

राहुल सी-२०१ (१०:२५): माझी अकराची आहे.

राहुल सी-२०१ (१०:२९): पावतीचा क्रौंच राहू दे. कदमसाहेब पावतीची कॉपी आहे ना तुमच्याकडे?

कदम खजिनदार (१०:३०): आहे. भाड्याचे ५०० नाहीत.

देशपांडे बी-७०४ (१०:४१): मी परत सांगतो, कार्यक्रमाला विरोध नाही. बॅनर गेटवरून निघावा. ती मुलगी, ते मच्छीमार, सगळं मान्य. पण सीमेवरच्या घरच्या माणसाला काय वाटतं हे सीमेवर न गेलेल्यांनी ठरवू नये.

प्राची निकम ए-१०२ (१०:५८): नमस्कार, मी प्राची, बाबांचा फोन. बाबा सांगतायत मी टाइप करतेय, त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा सापडत नाहीये. ते म्हणतात तसंच्या तसं लिही.

प्राची निकम ए-१०२ (११:१४): देशपांडेसाहेब, सुभेदार निकम बोलतोय. माझं गाव अपशिंगे मिलिटरी, सातारा. नावातच मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात एका गावातले ४६ गेले, दुसऱ्यात गेले, ६२, ६५, ७१ ला गेले. घरटी एक तरी फौजेत. मी २४ वर्षं काढली. बॅनरने मला काही वाटलं नाही, मी रोज फिरायला जाताना वाचतो. मला काय आठवतं ते सांगतो. मी बावीस वर्षांचा असताना आमच्यातला एक जण गेला, त्याची ट्रंक घरी पोचवायला मला पाठवलं होतं. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. कोल्हापूरच्या पुढं गाव, एसटीतून उतरून चार किलोमीटर डोक्यावर नेली. त्याच्या आईनं ट्रंक उघडली, वरती स्वेटर होता, तो नाकाला लावला आणि ट्रंक परत बंद केली. म्हणाली, वास जाईल. आत काय काय आहे ते बघितलंच नाही तिनं. मला चहा दिला. मी परत आलो आणि ड्यूटी केली, पुढं पण लढायची वेळ आली असती तर लढलो असतो, ते काम होतं आमचं. पण लढाई पाहिजे असं आमच्यातलं कोणी म्हणताना मी ऐकलं नाही. टीव्हीवाले म्हणतात. तुमच्या भाच्याला मी ओळखतो, तो मागच्या दिवाळीला माझ्याकडे तासभर बसला होता. त्याला विचारा.

सुषमाकाकू बी-१०१ (११:१६): 🙏🙏

शिंदे सेक्रेटरी (११:१७): सुभेदारसाहेब 🙏

स्नेहा ए-३०२ (११:२०): प्राची, निकमआजोबा बुधवारी येतील का? मुलांना सांगतील का हे?

प्राची निकम ए-१०२ (११:२२): विचारते. ते म्हणतायत खुर्ची असेल तर येईन, गुडघा. आणि चष्मा सापडला, फ्रिजवर होता.

जाधव बी-६०२ (११:२६): सुभेदारसाहेबांबद्दल आदर आहेच. पण सरकारने बाँब केलाय तो उगाच नाही, १९९८ ला पोखरण केलं म्हणून आज कोणी हात लावत नाही.

मेधा ए-४०३ (११:३३): पोखरण झालं मे ९८ ला, त्याच महिन्यात पाकिस्तानने पण केले, आणि पुढच्याच वर्षी कारगिल झालं. बाँब होता दोघांकडे, तरी माणसं गेलीच. तुम्हाला पटणार नाही माहीत आहे, बुधवारी या आणि तिथे बोला, मी थांबवणार नाही. मागच्या वर्षीचं शांततेचं नोबेल ज्या जपानी संघटनेला मिळालं, निहोन हिदानक्यो, त्यातली माणसं नव्वदीला आलीत. पोळलेली माणसं आहेत ती. शाळाशाळांतून जाऊन सांगतात, आमच्यानंतर कोणावर ही वेळ येऊ नये. त्यांच्यानंतर सांगायला कोण राहणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

जाधव बी-६०२ (११:३५): बघतो जमलं तर. ऑफिस असतं.

शिंदे सेक्रेटरी (११:४८): कमिटीतल्या चौघांशी फोनवर बोललो. निर्णय: कार्यक्रम ६ तारखेला ७ ते ७:३०, क्लबहाऊस. बॅनर आज संध्याकाळी गेटवरून काढून क्लबहाऊसमधे आतल्या भिंतीला लावायचा, गेटवर यापुढे कुणाचाच बॅनर लेखी परवानगीशिवाय नाही, गणपतीचा पण. मेणबत्त्या नाहीत, पणत्या ताटात ठेवून.

मेधा ए-४०३ (११:५२): मान्य. मुलांना मीच समजावते, मुलंच काढतील. वाईट वाटणार त्यांना, त्यातल्या "नको" शब्दावर चौघांची भांडणं झाली होती कोण रंगवणार म्हणून.

देशपांडे बी-७०४ (१२:१०): धन्यवाद शिंदे. मेधाताई, दोन मिनिटं उभं राहाल तेव्हा आपल्या जवानांचं पण नाव घ्या. पहलगामच्या लोकांचं पण. एवढी विनंती.

मेधा ए-४०३ (१२:११): घेणारच होते काका. ते तुम्ही बोलाल का? एक मिनिट फक्त.

देशपांडे बी-७०४ (१२:२६): मी येईनच असं नाही. हिला पाठवतो.

कदम खजिनदार (१२:३०): ६०० रु. मेधाताईंकडून ऑनलाइन जमा झाले. पावती ऑफिसमधून घेऊन जाणे. पणत्यांचं तेल सांडलं तर सफाई वेगळी.

शिंदे सेक्रेटरी (१२:४१): टँकर आलाय. बी विंगने अर्धा तास नळ बंद ठेवावेत. आणि ती पांढरी गाडी टाकीच्या तोंडावर लावलीय, ज्याची असेल त्याने लगेच खाली या.